हाक मारलीस का?

रोज सकाळी दात घासायच्याही आधी मी माझ्या पोरीचा आकडा बघायची. सोळा वर्षं हे चाललं होतं. उशाखालचा फोन काढायचा, चष्मा चढवायचा आणि चौकटीत किती आलंय ते बघायचं. तिसाच्या खाली असला तर उठून चहा टाकायचा. चाळिसाच्या पुढं गेला असला तर आधी तिच्या खोलीत डोकवायचं, ती कशी झोपलीय ते बघायचं, मग चहा. साठाच्या वर गेला तर चहाबिहा काही नाही, थेट डॉक्टरांना फोन. आकडा बघितल्याशिवाय माझा हात गॅसकडं जायचाच नाही. मला वाटायचं, हे फक्त मलाच ठाऊक आहे.

मी वैजयंता शिंत्रे. आजरा डेपोत तेहेतीस वर्षं कंडक्टर होते. आजरा-सावंतवाडी ही माझी गाडी. तोंडाची फटकळ म्हणून सगळ्या रूटवर माझं नाव. दारात लोंबकळणारा कितीही मोठ्या घरचा असो, "आत सरका हो, घरी कुणीतरी वाट बघतंय" असं मी एकदा म्हणाले की गपगुमान आत सरकायचा. आता गाड्या विजेवर चालतात, तिकीट फोनवर निघतं, कंडक्टर हा प्रकारच संपला. पण जुनी लाल गाडी ज्यांनी बघितलीय त्यांना आठवत असेल. छताखालून एक दोरी जायची आणि तिच्या टोकाला ड्रायव्हरजवळ घंटी असायची. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. दोनदा ओढायच्या आधी कंडक्टरनं डोकी मोजायची, असा आमचा शिरस्ता. मी तो एकदाही चुकवला नाही, आणि तरीही माझा भाऊ घालवून बसले.

शिवादादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. बाविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. आधी कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंय म्हणायचा, मग ते आवाज त्याला शिव्या घालायला लागले. आम्ही काय केलं? अंगारे केले, दोरे केले, लग्न झालं की जाईल म्हणून मुलगीसुद्धा बघून आलो. सहा-सात वर्षं अशी वाया घालवली. शेवटी सावंतवाडीला एक चांगले डॉक्टर आहेत असं कळलं, तेव्हा मी त्याला माझ्याच गाडीतून घेऊन निघाले. आंबोलीला गाडी चहाला दहा मिनिटं थांबायची. तोही उतरला. मी म्हणाले, "लांब जाऊ नकोस रे दादा." तो म्हणाला, "नाही गं."

दहा मिनिटांनी मी डोकी मोजली. वाटेतलं गवसे गाव सोडलं तेव्हा एक्केचाळीस होती, आताही एक्केचाळीस. डबल बेल दिली. घाटातल्या तिसऱ्या वळणावर तिकिटं बघत मागं गेले, तर दादाच्या जागेवर एक म्हातारा मांडीवर फणस घेऊन बसलेला. आंबोलीला चढला होता बिचारा, गाडी सुटली की तिकीट काढू म्हणून गप बसला होता. ड्रायव्हरनं जागा बघून गाडी फिरवली. दादा नव्हता. बारा दिवस आम्ही जंगल, दऱ्या, टपऱ्या पालथ्या घातल्या. आजतागायत तो सापडलेला नाही. आकडा बरोबर होता, माणूस चुकला होता. चौकशीत मला दोष लागला नाही, कारण मी नियमाप्रमाणं मोजलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी ईश्वरी झाली. ती सहा वर्षांची असताना तिचा बाप छातीत कळ येऊन गेला. मग आम्ही दोघीच. पोर हुशार, बडबडी. शाळेतून आली की दप्तर काढायच्या आधी बोलायला सुरुवात. एका गोष्टीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि मूळ गोष्ट राहायची गवशालाच. मी म्हणायची, "अगं, गाडी कुठं चाललीय तुझी?" ती म्हणायची, "तू बस की, पोचशील!"

बारावीला तिला कोल्हापूरला हॉस्टेलवर ठेवलं. दिवाळीला घरी आली ती निम्मी होऊन. झोप नाही. खोलीतल्या मुली आपल्यावरूनच कुजबुजतात म्हणायची, मग स्वतःच म्हणायची, "तसं नसेल म्हणा, पण वाटतं." तिसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते, ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, हाक मारलीस?"

"नाही गं."

"मला कधी कधी कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी तिला घेऊन कोल्हापूर गाठलं. दादाच्या वेळची चूक मी परत करणार नव्हते.

डॉ. ग्रेसी लोबो आमच्या आजऱ्याच्याच, चर्चच्या मागच्या आळीतल्या. कोल्हापूरला त्या अशाच कोवळ्या वयातल्या मुलांसाठी केंद्र चालवत होत्या. त्यांनी ईश्वरीशी दोन तास गप्पा मारल्या, मग मला आत बोलावलं.

"वैजयंताताई, आधी एक गोष्ट नीट ऐका. हिला आजार नाही. हिला धोका आहे. दोन्हीत फार फरक आहे. हिच्यासारखी शंभर मुलं घेतली, तर त्यातल्या पंचवीस-तीस जणांना पुढच्या तीन-चार वर्षांत तो मोठा आजार होतो. खरं कुठलं आणि भास कुठला हे मग कळेनासं होतं. बाकीच्यांना होत नाही. अडचण एवढीच, की कोण त्या तिसांतलं आणि कोण सत्तरांतलं, हे आज कुणालाच सांगता येत नाही."

मग त्यांनी ड्रॉवरमधून शर्टाच्या बटणाएवढी एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. तिचं नाव कानोसा.

"माणूस बोलतो तेव्हा एक वाक्य पुढच्या वाक्याला जोडलेलं असतं," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी आजऱ्याहून सुटली की गवसे, मग आंबोली, मग सावंतवाडी. बरोबर? आजाराची चाहूल लागते तेव्हा मधली गावं गळायला लागतात. गाडी आजऱ्याहून निघते आणि एकदम मालवणात उगवते. सुरुवातीला हे इतकं बारीक असतं की तुमच्या-माझ्या कानाला कळत नाही. यंत्राला काही महिने आधी कळतं. शिवाय आवाज सपाट होतो, वाक्यं आखूड होतात, उत्तर द्यायला वेळ लागतो. कानोसा हे सगळं मोजतो. बोललेलं साठवून ठेवत नाही, कुणाला सांगत नाही. फक्त शंभरपैकी एक आकडा काढतो. जितका कमी तितका बरा. तो मला दिसेल आणि घरातल्या एका माणसाला दिसेल. त्या माणसाला आम्ही सोबती म्हणतो."

"मी सोबती," मी म्हणाले. विचारायची सोयच नव्हती.

ईश्वरीनं ते बटण उचलून बघितलं आणि म्हणाली, "हे माझं बोलणं ऐकणार? मग याचं काही खरं नाही, बिचारं दमून जाईल." डॉक्टर हसल्या. मी नाही हसले.

खोटं कशाला बोलू, त्या बटणाचा उपयोग झाला. ती एकोणीस वर्षांची असताना आकडा चढत चढत चौऱ्याहत्तरवर गेला. ती घरात नेहमीसारखीच वावरत होती, मला काही म्हणता काही दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी लगेच बोलावलं, थोडी औषधं दिली, आठवड्यातून एकदा बोलायला बसवलं, झोपेचं वेळापत्रक लावलं. दीड वर्षात आकडा उतरला, औषधं बंद झाली. तो मोठा आजार तिला झाला नाही. नंतरही झाला नाही. त्याच केंद्रात गडहिंग्लजचा एक मुलगा होता, तिच्याच बरोबरीचा. त्याला आजार झाला, पण वेळेत धरला गेला, आज तो दुकान चालवतोय. आमच्या शिवादादाला असं काही मिळालं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

पण माझं काय झालं ते सांगते. मी त्या आकड्याला चिकटून बसले. हॉस्टेल बंद केलं, कॉलेज बाहेरून करायला लावलं. मैत्रिणी गोव्याला निघाल्या, मी म्हणाले, "बत्तीस आहे आज, पुढच्या वेळी जा." पुढच्या वेळी चौतीस होता. निपाणीचा एक शिक्षक तिला बघायला आला होता, निखिल कांबळे नावाचा. सरळ पोरगा, ईश्वरीला आवडला होता. पोहे खाऊन व्हायच्या आत मी त्याच्यापुढं फोन ठेवला आणि दहा वर्षांचे आकडे दाखवले. म्हटलं, नंतर बोल नको. तो परत आला नाही. ईश्वरीनं बशा उचलल्या आणि धुवायला घेतल्या. मी खरं तेच सांगितलं, असं मी कित्येक दिवस स्वतःला बजावत होते.

आणि ती बडबडी पोर हळूहळू गप झाली. माझ्याशी बोलायची, पण मोजकं. "जेवलीस?" "जेवले." "झोप लागली?" "लागली." मला वाटायचं, चला, वय वाढलं, शहाणी झाली. आकडा मात्र चाळिशीच्या आसपासच घुटमळायचा, खाली म्हणून उतरायचा नाही. त्यामुळं मी आणखी लक्ष ठेवायची.

घरबसल्या तिनं एक काम मात्र शोधलं होतं. आंबोलीच्या जंगलात झाडांवर यंत्रं टांगलीत, ती पक्ष्यांचे आवाज टिपतात. कुठला पक्षी किती उरलाय हे त्यावरून कळतं. कॉम्प्युटर ते आवाज वेगळे करतो, पण काही ठिकाणी तो चक्रावतो. भृंगराज म्हणून एक काळा पक्षी आहे, लांब शेपटीचा. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. कॉम्प्युटर त्याला फसतो आणि नसलेले पक्षी मोजून मोकळा होतो. असे अडलेले आवाज ईश्वरीकडं यायचे. ती कानाला लावून ऐकायची आणि सांगायची, हा खरा, ही नक्कल. चार वर्षांत तिचं फार तर पाच-सहा वेळा चुकलं असेल.

यंदा फेब्रुवारीत तिथल्या पक्षी-अभ्यास केंद्राचं पत्र आलं. पक्की नोकरी, राहायला खोली, आंबोलीतच. पंधरा मार्चला हजर व्हायचं.

"आंबोली?" मी ओरडलेच. "साऱ्या महाराष्ट्रात दुसरं गाव घावलं नाही तुला?"

"पक्षी तिथं आहेत गं आई. त्यांना मी आजऱ्याला बदली करून घ्या म्हणून सांगू का?"

"थट्टा सुचतेय! तुझा मामा तिथनं गेला, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तो आजारी होता आणि त्याच्यावर उपचार झाले नव्हते. मी तो नाही."

"आज आकडा त्रेचाळीस आहे तुझा."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही, तेच जास्त लागलं. मग तिनं पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "बरं. नाही जात." आणि आत जाऊन हेडफोन लावून बसली. जिंकले होते ना मी? पण त्या दिवशी मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

कळवायला दहा दिवस उरले होते. तेवढ्यात डॉक्टर लोबोंचं बोलावणं आलं. सोळा वर्षांचा त्यांचा पाठपुरावा संपत होता आणि सगळ्या सोबत्यांना त्या एकेकटं भेटत होत्या. आता त्यांचे केस पार पांढरे झालेत.

"आम्ही एकशे चाळीस मुलांच्या मागं सोळा वर्षं होतो," त्या म्हणाल्या. "पस्तीस जणांना आजार झाला. त्यातले बरेच आज बऱ्यापैकी आयुष्य जगतायत, कारण वेळेत कळलं. उरलेल्या एकशे पाच जणांना झाला नाही. आम्ही खूश होतो. पण वैजयंताताई, त्या एकशे पाचांतले निम्मे लोक आज कुठं आहेत म्हणता? घरात आहेत. शिक्षण अर्धवट, लग्न नाही, काम असलं तर खोलीत बसून. आजार नाही, आणि आयुष्यही नाही. हे कशामुळं, ते आम्ही शोधायला लागलो."

त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक लाल, वरच्या अंगाला. एक हिरवी, बरीच खाली.

"दोन्ही ईश्वरीच्याच आहेत. सोबत्याचा फोन जवळ आहे की नाही हे कानोशाला कळतं. त्यावरून आम्ही तिचे आकडे वेगवेगळे लावून बघितले. हिरवी रेघ ती इतरांशी बोलते तेव्हाची. सरासरी एकोणीस. तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळी नाही."

"आणि लाल?"

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. तेव्हाच मला कळलं.

"ती तुमच्याशी बोलताना फार जपून बोलते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आकडा वाढू नये म्हणून मोजून-मापून, आखूड, सपाट. आणि यंत्र नेमकं तेच आजाराचं लक्षण म्हणून धरतं. निम्म्याहून जास्त घरांत हेच निघालं. चूक तुमची नाही, आमची आहे. आम्ही आकडा बघत राहिलो, तो कुणासमोर येतोय हे बघितलंच नाही."

मी त्या लाल रेघेकडं बघत बसले. दादाच्या जागेवर फणस घेऊन बसलेला म्हातारा मला स्पष्ट दिसला. डोकी मोजून मी परत एकदा डबल बेल दिली होती, आणि या वेळी माणूस माझ्यासमोर चहा पीत बसलं होतं तरी मला दिसलं नव्हतं.

"मग काढून टाका ते बटण," मी म्हणाले. "कुठं सही करू?"

"तुमची सही लागत नाही. कधीच लागत नव्हती. अठरा पूर्ण झाली त्या दिवसापासून ते काढायचा हक्क फक्त तिचा आहे. दरवर्षी आम्ही तिला विचारायचो. औषधं बंद झाल्यावर तर मीच म्हणाले, आता काढलंस तरी चालेल. ती दरवर्षी राहू दे म्हणायची."

"का?"

"ते तिलाच विचारा."

घरी आले तर ती अंगणात जास्वंदीला पाणी घालत होती. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"ईश्वरी, एवढी वर्षं का नाही काढलंस ते बटण?"

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "एकदा त्याची बॅटरी गेली होती, आठवतं? मी वीस वर्षांची असेन. सकाळी तुझ्या फोनवर आकडाच आला नाही. मी उठून बघितलं, तर तू स्वयंपाकघरात उभी. समोर दूध, पातेलं, साखर, सगळं काढलेलं, आणि तू नुसती उभी. साडेनऊला चार्ज झालं, आकडा आला, आणि मग तू गॅस पेटवलास. मी म्हटलं, मला काही जड नाही हे. हिला चहा तर घशाखाली जातोय."

मी पायरीवर बसले आणि रडले. चांगली मोठ्यानं रडले, शेजारची बाई कुंपणावरून बघून गेली. ईश्वरी माझ्याजवळ बसली, तिचे हात मातीचे होते, तसेच तिनं माझ्या पाठीवर ठेवले.

"चुकले गं मी," मी म्हणाले. "तुला सांभाळते सांभाळते म्हणून कोंडून घातलं."

"सांभाळलंसही. दोन्ही केलंस."

थोड्या वेळानं मी तिला ते विचारलं जे सोळा वर्षांत विचारायचं धाडस झालं नव्हतं. आकडा होता ना, मग विचारायचं कशाला?

"तुला अजून हाक ऐकू येते?"

"येते की," ती सहज म्हणाली. "महिन्या-दोन महिन्यांनी. दमले असले की जास्त. तुझ्याच आवाजात येते बहुतेक."

मी पदरानं डोळे पुसले. "मग तू काय करतेस?"

"तुला विचारते. हाक मारलीस का म्हणून. तू नाही म्हणालीस की कळतं, ती नक्कल होती. मग मी आपल्या कामाला लागते. खऱ्या हाकेत आणि नकलेत थोडा फरक असतो, आता तर मला न विचारताही ओळखू येतो. पण विचारलं की बरं वाटतं."

आई, हाक मारलीस? किती वेळा विचारलं असेल तिनं? भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. सकाळी आकडा ठीक दिसला असला की मी वर न बघता म्हणायची, नाही गं. एवढी मोठी सोबत मी तिला देत होते आणि माझं मला माहीत नव्हतं. मी आपली फोनमधल्या आकड्याला सोबत समजत होते.

"आंबोलीला कुणाला विचारशील?" मी म्हणाले.

तिनं चटकन माझ्याकडं बघितलं. "फोन करीन. उचलशील?"

"उचलीन."

"आणि खरं सांगायचं. मारली नसलीस तर नाही म्हणायचं. मला परत बोलावायला म्हणून हो म्हणायचं नाही."

"अगं, काय समजतेस काय मला!" मी म्हणाले, पण तिनं बरोबर ओळखलं होतं. माझ्या मनात तेवढ्यात ते येऊन गेलं होतं.

तिनं गळ्याशी हात नेला, कुर्त्याच्या आतलं बटण काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्या जागी कातडीवर एक फिकट गोल डाग राहिला होता. रात्रीचं जेवण होईपर्यंत मी मूठ उघडली नाही.

पंधरा मार्चला सकाळी आम्ही स्टँडवर गेलो. तिच्याकडं एक बॅग, एक पाण्याची बाटली आणि मी जबरदस्तीनं दिलेला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, पाच किलो. "आई, तिथं तांदूळ मिळतो," ती म्हणाली. "मिळतो, पण असा नाही," मी म्हणाले. नव्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला, संतोष येसणे, माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून यायचा.

"मॅडम, बसा की, आंबोलीपर्यंत सोडतो. तिथनं परत या."

माझा पाय उचललाही होता, खोटं सांगत नाही. खिडकीतून ईश्वरी बघत होती. मी म्हणाले असते तर तिनं जागा करून दिली असती, हेही मला ठाऊक होतं.

"नाही रे," मी संतोषला म्हणाले. "मला घरी काम आहे."

दार आपोआप मिटलं. गाडीत सतरा-अठरा माणसं असतील, मी मोजली नाहीत. गाडी जागेवरच उभी होती, समोरचा दिवा हिरवा व्हायची वाट बघत. मी पुढं झाले आणि पत्र्यावर हातानं दोनदा थाप मारली. ठण, ठण.

संतोषनं खिडकीतून डोकं काढलं. "मॅडम, आता कॅमेरा बघतो हो सगळं, थाप लागत नाही!"

"तू गप चालव," मी म्हणाले.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी घरी आले, आणि फोन न बघता चहा टाकला. साखर जास्त पडली, पण प्यायले.

पाच दिवसांनी, मंगळवारी, दुपारी तिचा फोन आला. मी तिच्या खोलीतल्या चादरी बदलत होते. खरं म्हणजे बदलायला काही कारण नव्हतं.

"आई, हाक मारलीस?"

सकाळपासून मनातल्या मनात मी तिला शंभर हाका मारल्या होत्या. घर खायला उठलं होतं. एकदा हो म्हणाले असते तर संध्याकाळच्या गाडीनं पोर दारात उभी राहिली असती.

"नाही गं," मी म्हणाले. "हाक नाही मारली."

"बरं," ती म्हणाली, आणि तिचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. "मला वाटलंच. अगं, ऐक ना, इथं काल काय झालं..."

मग ती जी सुरू झाली! भृंगराजानं म्हणे मांजराचा आवाज काढला, त्यावरून खानावळीतल्या मावशींच्या मांजराची गोष्ट, त्या मावशींचा मुलगा निपाणीला असतो, निपाणीवरून तिला निखिल आठवला, त्याचं लग्न झालं का हे कुणाला तरी विचारायला हवं असं म्हणाली, मग एकदम तांदूळ किती छान शिजला ते, मग परत पक्षी. मूळ गोष्ट कुठल्या कुठं राहिली. एखाद्या यंत्राला वाटलं असतं, पोरगी गेली हातची.

मी चादर खाली ठेवली, तिच्या पलंगावर भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "अगं, गाडी कुठं चाललीय तुझी?"

"तू बस की," ती हसत म्हणाली. "पोचशील."